हृदयविकार, मधुमेह, कर्करोग: अकाली मृत्यूचे प्रमाण जागेनुसार का बदलते?

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर मुलुंड हे मुंबई महापालिकेच्या हद्दीतले शेवटचे स्थानक. चेकनाका ओलांडला की ठाणे सुरू होते. हाच लोहमार्ग पुढे कल्याण, आसनगाव करत शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्यापर्यंत जातो. मुलुंड ते कसारा अंतर सुमारे ९० किलोमीटर. समजा, या मार्गावर पन्नाशीतली दोन माणसे राहतात आणि दोघांनाही उच्च रक्तदाब आहे. एकाचे घर मुलुंड स्थानकाजवळ आहे, दुसऱ्याचे कसाऱ्यापलीकडच्या एखाद्या पाड्यावर. आजार एकच असला, तरी दोघांची सत्तरी गाठण्याची शक्यता सारखी नसते.

हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे दीर्घकालीन आजार यांना बरीच वर्षे 'श्रीमंतांचे', 'शहरी' किंवा 'म्हातारपणाचे' आजार मानले जात होते. हा समज आता टिकत नाही. देशात, राज्यात आणि एकाच शहरातही या आजारांनी होणाऱ्या अकाली मृत्यूंचे प्रमाण वेगवेगळे आहे. आजार कुठे जास्त आहे एवढ्यावरून या फरकाचा उलगडा होत नाही. आजार केव्हा सापडतो, औषध दर महिन्याला मिळते का आणि संकटाच्या वेळी रुग्णालय किती लांब आहे, या गोष्टींचा वाटा त्यात मोठा आहे. हा फरक कसा मोजतात, त्याचे आकडे कसे वाचावेत आणि तो कमी करण्याचे कोणते उपाय यशस्वी ठरले आहेत, हे या लेखात पाहू.

'अकाली मृत्यू' म्हणजे नेमके काय?

रोजच्या बोलण्यात आपण कोणाच्याही अवेळी जाण्याला अकाली मृत्यू म्हणतो. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात मात्र या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटना ३० ते ७० या वयातले मृत्यू मोजते आणि त्यासाठी आजारांचे चार गट धरते: हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार (पक्षाघात यातच येतो), कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे दीर्घकालीन आजार.

मोजमाप असे असते. आज तिशीत असलेली १०० माणसे घ्यायची. प्रत्येक वयाला या चार गटांतील आजारांनी मृत्यू होण्याचे सध्याचे प्रमाण त्यांना लावायचे. त्या हिशेबाने सत्तरीपूर्वी किती जण जातील, हा तो आकडा. अपघात किंवा क्षयरोगासारखी इतर कारणे या हिशेबात बाजूला ठेवतात, म्हणजे दोन प्रदेशांची तुलना स्वच्छ होते.

वयाची ही चौकट मुद्दाम निवडलेली आहे. तिशी ते सत्तरी या काळात माणूस कमावता असतो, मुलांची शिक्षणे चालू असतात, घराचे हप्ते फेडायचे असतात, वृद्ध आईवडिलांची जबाबदारी असते. या वयातला मृत्यू किंवा पक्षाघाताने आलेले अपंगत्व अख्ख्या घराचा आधार काढून घेते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही हाच आकडा आहे. २०१५ च्या तुलनेत २०३० पर्यंत तो एक तृतीयांशाने कमी करण्याचे सर्व देशांनी ठरवले आहे.

जगात आणि भारतात किती फरक आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभराचा हा आकडा २००० साली सुमारे २३ टक्के होता. २०१९ पर्यंत तो १८ टक्क्यांच्या आसपास आला. भारताचा आकडा त्याच वर्षी सुमारे २२ टक्के होता. म्हणजे तिशीतल्या साधारण पाच भारतीयांपैकी एकाहून अधिक जणांना या आजारांनी सत्तरीपूर्वी जाण्याचा धोका. जपान, दक्षिण कोरिया आणि स्वित्झर्लंडमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आहे.

भारताच्या आतही मोठी तफावत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिच्या सहकारी संस्थांनी राज्यनिहाय आजारांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातील एकूण मृत्यूंमध्ये असंसर्गजन्य आजारांचा वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता, तो २०१६ मध्ये जवळपास ६२ टक्क्यांवर गेला. हा बदल केरळ, गोवा, तमिळनाडू या राज्यांत आधी झाला, तर बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडात उशिरा. महाराष्ट्र या क्रमात मधल्यापेक्षा थोडा वर आहे.

त्याच प्रकल्पाच्या पुढच्या अभ्यासात असे दिसले, की २०१६ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५३ टक्के, सत्तरीच्या आतले होते. हा वाटा कमी विकसित राज्यांत अधिक होता. प्रत्येक राज्याचा प्रमुख आजारही वेगळा. केरळ, पंजाब, तमिळनाडूत हृदयविकाराचे रुग्ण जास्त; पश्चिम बंगाल, ओडिशा, आसाम या पट्ट्यात पक्षाघाताचा भार जास्त. कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण ईशान्येकडे, विशेषतः मिझोराममधील ऐझॉल आणि अरुणाचलातील पापुमपारे या जिल्ह्यांत नोंदले गेले आहे.

खेड्यातली माणसे कष्ट करतात, साधे खातात, म्हणून त्यांना हृदयविकार होत नाही, असे अनेकजण मानतात. भारताच्या महानिबंधक कार्यालयाबरोबर झालेल्या 'दशलक्ष मृत्यू अभ्यासा'त वेगळे चित्र दिसले. २००० ते २०१५ या काळात ३० ते ६९ वयोगटातील हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ग्रामीण भागात वाढले, तर शहरी भागात घटले.

आकडे वाचताना कुठे फसगत होते?

दोन प्रदेशांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, लोकसंख्येचे वय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले तरुण पिढ्यान् पिढ्या कामासाठी मुंबईला येत आले आहेत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावते पुरुष बाहेर असल्याचे ते लक्षण. मागे राहणाऱ्यांत वयस्कर अधिक, म्हणून तिथे हृदयविकाराचे मृत्यूही अधिक दिसणार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन्ही गावांत ३० ते ४९ वयाच्या दर हजारी दोन आणि ५० ते ६९ वयाच्या दर हजारी दहा माणसे वर्षाला दगावतात, असे धरू. पहिल्या गावात तरुण ८,००० आणि प्रौढ २,००० आहेत. तिथे मृत्यू होतील १६ अधिक २०, म्हणजे ३६. दुसऱ्या गावात तरुण ४,००० आणि प्रौढ ६,००० आहेत. तिथे मृत्यू होतील ८ अधिक ६०, म्हणजे ६८. प्रत्येक वयाचा धोका तंतोतंत सारखा असूनही दुसरे गाव जवळजवळ दुप्पट 'आजारी' दिसते. म्हणून तज्ज्ञ दोन्हीकडे एकच वयोरचना धरून आकडे पुन्हा काढतात. यालाच वय-प्रमाणित दर म्हणतात.

दुसरी गोष्ट, मृत्यूचे कारण कोणी लिहिले. मुंबईत अंत्यसंस्कारासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, त्यामुळे काहीतरी कारण नोंदले जाते. देशभरात मात्र नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी साधारण २० ते २३ टक्क्यांचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित असते. खेड्यात घरी झालेल्या मृत्यूची नोंद अनेकदा नुसती 'वृद्धापकाळ' किंवा 'छातीत दुखून' अशी होते. दाखला असला तरी त्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' एवढेच लिहिलेले असते. हृदय तर प्रत्येकाचेच थांबते. ते मधुमेहामुळे थांबले, मूत्रपिंड निकामी झाल्याने की झटक्याने, हे त्यातून कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन नातेवाइकांना शेवटच्या दिवसांतली लक्षणे विचारतात आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. दशलक्ष मृत्यू अभ्यास याच पद्धतीवर उभा आहे.

तिसरी गोष्ट, मृत्यू नोंदला कुठे गेला. आपल्याकडे मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. साताऱ्याचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात दगावला, तर नोंद मुंबईत. याउलट, आयुष्यभर मुलुंडला राहिलेला माणूस शेवटचे दिवस काढायला कोकणातल्या घरी गेला, तर नोंद त्या गावी. कर्करोग नोंदणी कार्यालये म्हणूनच रुग्णाचा कायमचा पत्ता तपासतात.

चौथी गोष्ट, आकड्याचे नाव. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी, मानखुर्द, देवनारचा समावेश असलेला एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. त्याचा मानव विकास निर्देशांक अवघा ०.०५ होता. त्यानंतर 'इथले आयुर्मान ३९ वर्षे' हा आकडा अनेक ठिकाणी छापला गेला. असा आकडा अपेक्षित आयुर्मानाचा आहे की मरण पावलेल्यांच्या सरासरी वयाचा, हे आधी पाहावे. ज्या वस्तीत मुले आणि तरुण जास्त आहेत आणि बालमृत्यूही होतात, तिथे मरण पावलेल्यांचे सरासरी वय आपोआप कमी येते. याचा अर्थ तिथला माणूस चाळिशीत जातो असा होत नाही. विषमता खरी आहे, पण ती मोजायला योग्य माप हवे.

महाराष्ट्रातली चार चित्रे

*मुंबई आणि बार्शी.* भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला सुरू झाली. या दोन नोंदण्या शेजारी ठेवल्या की फरक ठळक दिसतो. कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईत बरेच अधिक. मुंबईच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पुढे, तर बार्शी परिसरात दीर्घकाळ गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे राहिला. स्तनाच्या कर्करोगाचा संबंध उशिरा होणारी पहिली बाळंतपणे, कमी मुले आणि वाढलेले वजन यांच्याशी आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो आणि तपासणीत तो कर्करोग होण्याआधीच पकडता येतो. म्हणजे बार्शीकडे रुग्ण कमी होते, पण टाळता येण्याजोगे मृत्यू अधिक होते.

*गडचिरोली.* डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणे घरोघरी जाऊन तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले पक्षाघात. साधारण सातांतला एक मृत्यू त्याने झालेला होता आणि यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. ज्या जिल्ह्याची ओळख मलेरिया आणि कुपोषण अशी होती, तिथे रक्तदाबाशी जोडलेला आजार पहिल्या क्रमांकावर आला होता.

*पुणे परिसर.* पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून जवळच्या सहा गावांतील माता आणि बालकांचा मागोवा घेतला. जन्मतः हलकी, बारीक हाडापेराची ही बाळे चरबीच्या बाबतीत तितकी कमी नव्हती. हीच ती 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय शरीरयष्टी. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्यालाही तरुणपणी मधुमेह का होतो, याचे एक उत्तर त्यात आहे. याच परिसरातल्या खेड्यांत सीओपीडी या श्वसनविकाराच्या पाहण्यांत आयुष्यात कधी धूम्रपान न केलेले रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यामागचे एक प्रमुख कारण चुलीचा धूर.

*तंबाखू.* २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ केवळ ३.८ टक्के होते. देशातल्या सर्व राज्यांत हे प्रमाण सर्वांत कमी. पण खाण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरणारे होते २४.४ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. चुना लावून मळलेली तंबाखू, खर्रा, मावा आणि बायकांची मिश्री यांत 'व्यसन' असे अनेक घरांत कोणी मानतही नाही. तोंडाच्या कर्करोगाचे राज्यातले मोठे ओझे इथूनच येते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावाने जिल्हाभर तंबाखू आणि दारूविरोधी काम सुरू झाले.

आजार जास्त म्हणजे मृत्यू जास्त, असे असते का?

नाही. प्रादेशिक फरकाचे बरेचसे उत्तर या 'नाही'त आहे.

'प्युअर' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतासह १७ देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांचा मागोवा घेतला गेला. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कोलेस्टेरॉल, वजन, रक्तदाब, धूम्रपान असे धोक्याचे घटक एकत्र मोजले, तर ते श्रीमंत देशांत सर्वाधिक होते. पण हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू गरीब देशांत सर्वाधिक होते. जिथे धोका जास्त, तिथे उपचार इतके नियमित की माणसे वाचत होती.

भारतातला पुरावा याहून बोलका आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' नोंदणीत देशातल्या ८९ रुग्णालयांमधील हृदयविकाराच्या सुमारे २१ हजार रुग्णांची माहिती होती. गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के ३० दिवसांत दगावले, तर श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. संशोधकांनी मग दोन्ही गटांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूतला फरक उरलाच नाही. गरिबांना वाचवणारी औषधे आणि शस्त्रक्रिया कमी मिळाल्या होत्या. वेदना सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णांचे सहा तास गेले होते (निम्म्या रुग्णांचे त्याहून कमी, निम्म्यांचे त्याहून जास्त). रुग्णवाहिकेने आलेले फार थोडे होते.

हृदयविकारात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे किंवा नळी उघडण्याचे उपचार जितके लवकर तितके उपयोगी. पहिल्या काही तासांत वाया गेलेले प्रत्येक मिनिट हृदयाचा स्नायू मारते. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो. कसाऱ्यापलीकडच्या पाड्यावरून वाहन मिळवणे, तालुक्याच्या रुग्णालयात जाणे आणि तिथून पुढे ठाण्याला पाठवले जाणे, यातच हे तास संपतात.

अर्थात, ही शेवटची धावपळ टाळणारा टप्पा त्याच्या दहा-वीस वर्षे आधी येऊन गेलेला असतो. उच्च रक्तदाबाचे काही दुखत-खुपत नाही. तो मोजला तरच कळतो आणि रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो. ती गोळी मिळण्यात महिनोन् महिने पडणारा खंड कोणत्याही आकडेवारीत ठळक दिसत नाही, पण अकाली मृत्यूचे बीज तिथेच पडते.

एकाच शहरात, एकाच उपनगरात

मग मुलुंडचा माणूस सुरक्षित आहे का? पाड्यावरच्या माणसापेक्षा नक्कीच जास्त. मुलुंड म्हणजे महापालिकेचा टी विभाग. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ४१ हजार होती. पश्चिमेला अगरवाल आणि पूर्वेला सावरकर ही महापालिकेची रुग्णालये, राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय, शिवाय अनेक खासगी रुग्णालये आहेत. महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय असलेले शीवचे रुग्णालय इथून लोकलने आठव्या स्थानकावर.

पण जवळ रुग्णालय असणे आणि उपचार मिळणे यांत अंतर असते. मुलुंडमध्येच स्थानकाभोवतीच्या जुन्या सोसायट्या आहेत, लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर आहेत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारावरच्या चाळी आणि झोपडपट्ट्याही आहेत. पूर्वेला कचराभूमी आहे. १९६७ पासून वापरात असलेली ही कचराभूमी २०१८ मध्ये नव्या कचऱ्यासाठी बंद झाली. घरकाम करणारी बाई, रिक्षाचालक किंवा बारा तासांच्या पाळीचा सुरक्षारक्षक यांच्यासाठी सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची रांग म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी. म्हणून गोळ्या संपल्या की पुढची खेप लांबते.

शहरातल्या या पायऱ्या मोजणारा एक मोठा अभ्यास मुंबईतच झाला. १९९१ ते १९९७ या काळात मुख्य शहरातल्या मतदार याद्यांवरून ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची माहिती घरोघरी जाऊन घेतली गेली आणि पुढे त्यांचा मागोवा ठेवला गेला. शिक्षण जितके कमी तितका मृत्यूचा धोका जास्त, अशी उतरंड त्यात दिसली. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समजही खोटा ठरला. बिडी ओढणाऱ्यांचा धोका उलट अधिक होता. आणि सर्वाधिक धोका अतिलठ्ठ माणसांना नव्हे, तर अत्यंत कृश माणसांना होता. शहरी भारतातला अकाली मृत्यू केवळ सुबत्तेतून येत नाही, हे त्यातून दिसते.

आजार मात्र सगळ्याच थरांत आहे. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांची पाहणी केली. त्यात सुमारे एक तृतीयांश लोकांना उच्च रक्तदाब आणि पाचांपैकी जवळपास एकाला मधुमेह आढळला.

कोणते उपाय यशस्वी ठरले?

महाराष्ट्रातच त्याचे चांगले पुरावे आहेत.

बार्शी परिसरात कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून कर्करोगाची लक्षणे समजावली आणि शंका असलेल्यांना तपासणीला यायला सांगितले. एवढ्यानेच गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी साध्या व्हिनेगरसारख्या द्रावणाने तपासणी केली. या आजाराचे मृत्यू तिथे ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी काही स्त्रियांना तपासणीविना ठेवल्याबद्दल या दोन्ही अभ्यासांवर पुढे टीकाही झाली.

रक्तदाबासाठी २०१७ च्या अखेरीस 'भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' सुरू झाला. त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. त्याची सूत्रे साधी आहेत: सगळीकडे ठरलेली तीच मोजकी औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रात महिन्याची गोळी आणि न आलेल्या रुग्णाला फोन किंवा भेट. मुंबईत २०२२ पासून सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' केंद्रांपैकी अनेक केंद्रे रात्रीपर्यंत उघडी असतात. रोजंदारीवरच्या माणसासाठी ही वेळ महत्त्वाची.

एक उणीव मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी किंवा कर्करोगाच्या उपचाराचा खर्च मिळतो, पण ती प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी ज्याला सरकारी केंद्रात मिळत नाही, त्याला ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते.

आपल्यापुरते काय करता येईल?

- तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील सर्वांसाठी ही तपासणी, तसेच तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी होते.
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार आला, तर डॉक्टरांना दाखवा. 'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंद करू नका; बरे वाटते ते त्या गोळीमुळेच.
- छातीत दाब येणे, घाम फुटणे, दम लागणे याला 'गॅस झाला असेल' म्हणून रात्र काढू नका. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे. वेळ पाहून ठेवा आणि १०८ ला फोन करा.
- गावी राहणाऱ्या आईवडिलांची औषधे महिन्याला कुठून येतात आणि जवळचे सीटी स्कॅन असलेले रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा.

शेवटचा मुद्दा मुलुंडसारख्या उपनगरात राहणाऱ्यांना विशेष लागू आहे. इथल्या अनेक घरांचे एक टोक साताऱ्यात, कोकणात किंवा शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात असते. आपल्या जवळ चार रुग्णालये असली, तरी घरातल्या थोरल्यांचा धोका त्या गावाच्या सोयींवर ठरतो. गावचे आरोग्य उपकेंद्र आठवड्यातून किती दिवस उघडते आणि तिथे रक्तदाबाच्या गोळ्या शिल्लक आहेत का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार गावकऱ्यांना आहे. तो विचारला गेला पाहिजे.